ईआरएपी१ आणि माझी पाठ
सकाळी पाठीचा ताठरपणा लवकर सुटत नाही, त्यामुळे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसबद्दल, म्हणजे माझ्या मणक्याच्या संधिवाताबद्दल, मिळेल ते मी वाचते. एचएलए-बी२७ या जनुक-प्रकाराचा त्याच्याशी संबंध १९७३ मध्येच कळला. पण ते जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही!

मला खरा रस ईआरएपी१ मध्ये आहे. पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (प्रथिनं घडवणाऱ्या जाळीदार भागात) हे एन्झाइम प्रथिनांचे लांब तुकडे एका टोकाकडून छाटत साधारण ९ अमिनो आम्लांवर आणतं, मग एचएलए रेणू (बी२७ हा त्याचाच एक प्रकार) ते रोगप्रतिकारक टी-पेशींपुढे मांडतो. फार छाटलं तर तुकडा वाया. या एन्झाइमचा मंद काम करणारा प्रकार माझ्या आजाराचा धोका कमी करतो. पण एचएलए-बी५१ हा दुसरा प्रकार असलेल्यांत ईआरएपी१ जनुकाच्या दोन्ही प्रती (आई-वडिलांकडून एकेक) मंद असल्या, तर बेशेटचा, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराचा, धोका उलट वाढतो. त्यामुळे ईआरएपी१ रोखणारं औषध सरसकट सगळ्यांना देणं मला पटत नाही. आधी एचएलए कोणत्या प्रकारचा आहे ते बघा.