अकरा जीबीची मेल-फाइल आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’

त्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, पण काउंटरवरच्या माणसाचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. “मॅडम, सॉफ्टवेअर जुनं आहे, फॉरमॅट मारावा लागेल. मेल काय, सर्व्हरवरून परत येतात.” फॉरमॅट म्हणजे लॅपटॉपमधलं सगळं पुसून टाकणं. मी मान डोलावली असती, तर बाबांच्या वर्कशॉपचा २०११ पासूनचा सगळा पत्रव्यवहार त्या संध्याकाळी गेला असता. ज्यांच्या ऑफिसात अजून जुनं आउटलुक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम, चालू आहे त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

भोसरी एमआयडीसीत आमचं जिग-फिक्स्चरचं, म्हणजे मशीनवर काम करताना पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनांचं, छोटं वर्कशॉप आहे. कोटेशन, पीओ (गिऱ्हाइकाची खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंग हे सगळं मी बघते. ऑफिसच्या लॅपटॉपवर आउटलुक २०१० आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० ला बंद केला. नवीन घ्यायचं मनात होतं, पण चालतंय तोवर चालू दे म्हणत राहिलो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तो कायम चार्जरवर. जूनमध्ये एका दुपारी लाइट गेली तेव्हा आउटलुक उघडं होतं आणि मेल उतरत होते. लॅपटॉप तिथल्या तिथे बंद. दुसऱ्या दिवसापासून आउटलुक उघडायचं, पाच-दहा मिनिटं चालायचं आणि मध्येच आपोआप बंद व्हायचं.

आधी सेफ मोडमध्ये उघडून बघितलं. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकदम दाबायचं, आलेल्या चौकटीत इंग्रजीत आउटलुक, एक स्पेस आणि /सेफ असं टाइप करायचं. असं उघडलं की अ‍ॅड-इन्स, म्हणजे अँटिव्हायरस वगैरेंनी आउटलुकला जोडून ठेवलेली जास्तीची कामं, सुरू होत नाहीत. सेफ मोडमध्ये नीट चाललं तर संशय अ‍ॅड-इनवर. मग फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जाऊन एकेकाची खूण काढत बघायचं. आमचं सेफ मोडमध्येही बंद पडलं. पण तेव्हा एक गोष्ट कळली. इनबॉक्समध्ये तासभर बसलं तरी काही होत नव्हतं. ‘जुने पीओ’ या फोल्डरवर क्लिक केलं की लगेच बंद. म्हणजे प्रोग्राम ठीक होता, मेल साठवलेली फाइल दुखावली होती. हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं. घाईत मी लॅपटॉप उचलला आणि शहरातल्या त्या दुकानात नेऊन दिला.

तीन दिवस “बघतो मॅडम, बघतो.” भोसरीहून दोन फेऱ्या झाल्या. इकडे बाबा रोज विचारत होते, “उघडलं का गं ते?” कारण एका जुन्या गिऱ्हाइकाला २०१५ मध्ये केलेलं फिक्स्चर पुन्हा हवं होतं, आणि त्याचं शेवटच्या रिव्हिजनचं ड्रॉइंग फक्त मेलमध्ये होतं. चौथ्या दिवशी दुकानात सांगितलं, फाइल ‘फुल’ झाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल. आमची फाइल ११ जीबीची. आउटलुक २०१० मध्ये अशा फाइलची मर्यादा ५० जीबी असते, २००७ मध्ये २० होती. दोन जीबीची मर्यादा आउटलुक २००२ पर्यंतच्या फाइलींना होती. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसावं?

‘सर्व्हरवरून परत येतात’ हे मला पटेना. काउंटरवर उभ्या उभ्याच मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आमचा मेल उघडला. फक्त मागच्या दोन आठवड्यांचे मेल दिसले. त्याच्या आधीचं काहीच नाही. आमचं अकाउंट पॉप पद्धतीचं आहे. मेल लॅपटॉपवर उतरतात आणि सर्व्हरवरची प्रत १४ दिवसांनी काढून टाका, अशी सेटिंग त्यात होती. आयमॅप असतं तर मेल सर्व्हरवर राहिले असते. पॉप असेल तर लॅपटॉपमधली ती एक फाइल म्हणजेच तुमचे सगळे मेल. मी तिथून लॅपटॉप उचलला. तपासणीचे म्हणून त्यांनी पैसे घेतले, ते दिले.

तुमचं अकाउंट कोणतं ते बघायला आउटलुक उघडावं लागत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मेल’ असतं, तिथे अकाउंटचा प्रकारही दिसतो आणि डेटा फाइल कुठे ठेवली आहे तेही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. लॅपटॉप घरी आणला, कारण घरी इन्व्हर्टर आहे. फाइल डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरमध्ये सापडली, नावाच्या शेवटी पीएसटी. प्रत काढायला ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह लावला, तर संगणक म्हणतो फाइल फार मोठी आहे. ३२ जीबीत ११ जीबी का मावू नये? अर्धा तास मी दुसरा पेनड्राइव्ह शोधण्यात घालवला. कारण साधं होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून एक्सफॅट निवडलं, फॉरमॅट केलं, मग प्रत उतरली. फॉरमॅट पेनड्राइव्हचाच करतोय ना, हे मी तीनदा वाचलं.

दुरुस्तीचं साधन आउटलुकबरोबरच येतं, फुकट. नाव स्कॅनपीएसटी. दुकानात तीन दिवसांत त्याचा उच्चारसुद्धा झाला नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. स्टार्टमध्ये नाव टाकून मला ते सापडलं नाही. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्स (एक्स८६), त्यात मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यात ऑफिस१४ असा फोल्डर, तिथे ते बसलेलं होतं. २००७ असेल तर ऑफिस१२ बघा.

ते उघडलं, फाइल दाखवली, तर म्हणे फाइल वापरात आहे. आउटलुक तर बंद होतं! टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम दाखवणाऱ्या विंडोजच्या यादीत, बघितलं तेव्हा ते मागे चालूच होतं, तिथून संपवलं. मग जागेचा प्रश्न. दुरुस्तीआधी ते आणखी एक बॅकअप बनवतं, म्हणजे अजून ११ जीबी, आणि सी ड्राइव्हवर सहाच शिल्लक. म्हणून फाइलची एक प्रत डी ड्राइव्हवर घेतली आणि दुरुस्ती त्या प्रतीवर केली. मूळ फाइलला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका.

रात्री साडेनऊला सुरू केलं. आठ टप्पे असतात. पहिले भराभर झाले आणि मग ते एका जागी रुतलं. पट्टी हलेना. वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं. अकरा वाजले, बारा वाजले. दोनदा माझा हात माउसवर गेला, बंद करून पुन्हा लावूया म्हणून. बाबा म्हणाले, “हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना? मग ते काम करतंय. झोप तू.” सकाळी सहाला उठून बघितलं तर पडद्यावर, चुका सापडल्या आहेत, दुरुस्त करायच्या का? रिपेअर दाबलं. ते संपायला पुन्हा दुपार झाली.

एकदा करून भागत नाही. पुन्हा चालवलं, पुन्हा चुका निघाल्या, कमी. तिसऱ्या वेळी एकही नाही. मूळ फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवली, दुरुस्त झालेली तिच्या जागी, तिच्याच नावाने आणली आणि आउटलुक उघडलं. ‘जुने पीओ’वर क्लिक करताना मी श्वास रोखला होता. फोल्डर उघडला. मात्र २०१५ चे काही मेल त्यात नव्हते. पोटात गोळा आला. खाली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचा नवा फोल्डर दिसला. जागेवरून सुटलेले मेल तिथे येऊन पडतात. त्यात एकेक उघडत गेले आणि विषय नसलेल्या एका मेलला जोडलेलं आमचं ड्रॉइंग निघालं, तिसरं रिव्हिजन. बाबांना हाक मारली तेव्हा माझा आवाज कापत होता. त्याच संध्याकाळी कोटेशन गेलं.

नवी बॅटरी टाकली आहे. सर्व्हरवरून १४ दिवसांनी मेल काढण्याची खूणही काढली. नवं आउटलुक दिवाळीपर्यंत घेऊ, पण पीएसटीची प्रत आता दर गुरुवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते. आउटलुक पूर्ण बंद करून, आणि टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघून.