दर आठ तासांनी

बाबांना हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा दोन दिवस आम्ही घरीच काढले. मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मीच त्यांना दिल्या. तिसऱ्या दिवशी ते बरळायला लागले, तसं सोलापूरला ॲडमिट केलं. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं होतं, त्यात डायबेटिस जुना.

डॉक्टरांनी आधी विचारलं, पेनिसिलिनची किंवा आणखी कशाची रिॲक्शन आली होती का? बाबा नाही म्हणाले. आईला मात्र आठवलं, सल्फाच्या गोळीने एकदा अंगभर पुरळ उठलं होतं. डॉक्टर आता देणार होते ते औषध सल्फाचं नव्हतं, तरी त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने नोंद केली. घरच्या गोळ्यांचंही मी सांगून टाकलं. लाज वाटली, पण अशा गोळ्या पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, कधीकधी जंतू वाढतच नाहीत, म्हणून त्यांना ते कळायला हवं होतं. रक्त-लघवी कल्चरला गेली आणि लगेच पहिला डोस लागला.

पिपरासिलिन ४ ग्रॅम, टॅझोबॅक्टम अर्धा ग्रॅम, दर आठ तासांनी. पिपरासिलिन पेनिसिलिनच्याच कुळातलं. काही जंतू एक एन्झाइम सोडून ते तोडतात. टॅझोबॅक्टम त्या एन्झाइमला अडवून धरतं. सिस्टरनी पांढऱ्या पावडरच्या बाटलीत २० मिली पाणी सोडलं, बाटली दोन्ही तळव्यांत फिरवत राहिल्या, ट्यूबलाइटसमोर धरून एकही कण उरला नाही हे पाहिलं आणि मग १०० मिली सलाईनमध्ये घातलं. ते अर्ध्या तासात जायचं. बाबांना लघवीला जायचं होतं म्हणून मी नळीवरचं चाक सरकवायला गेले, तर सिस्टरनी माझा हात धरला. "ताई, याला हात लावायचा नाही. खाज, धाप, ओठांना सूज, काहीही वाटलं तर मला हाक मारा."

मी वहीत डोसच्या वेळा लिहायला लागले. एकदा सोनोग्राफीच्या रांगेत दुपारचा डोस राहिला. वहीमुळे लगेच सांगता आलं. दुसऱ्या रात्री इंट्राकॅथच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या, वरची शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक लागली. बाबा सोसत गप्प पडले होते! सिस्टरनी ती नळी काढून दुसऱ्या हाताला लावली. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असल्याने ते आणि पोटॅशियम रोज तपासत होते. दोनदा पातळ जुलाब झाले, तेव्हा बंद करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

कल्चरमध्ये ई. कोलाय नावाचे जंतू निघाले. सेफ्ट्रिॲक्सोन या दुसऱ्या अँटिबायोटिकला दाद देणारे. डॉक्टर औषध बदलायला निघाले आणि मी अडून बसले: ताप उतरलाय, तर हेच चालू राहू द्या ना. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, नेमकं औषध सापडल्यावर पोटातल्या चांगल्या जंतूंनाही झोडपत राहायचं कारण नाही. शिवाय आत्ताच्या या औषधाची गरज उद्या बाबांनाच पडू शकते. मला पटलं.

कल्चर रिपोर्टची झेरॉक्स आणि सल्फाची चिठ्ठी आता बाबांच्या शुगरच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.