अपरा म्हंजे का जी?

धानाच्या रोवणीचे दिवस होते. रात्री पाऊणच्या सुमारास 108 आली आणि सिस्टरनं हाक मारली, "मॅडम, तुमची केस!"

माझी केस म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढलेली बाई. ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी संशोधनासाठी वारेचे तुकडे गोळा करते. वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारा आणि बाळामागून बाहेर पडणारा गोळा. बर्फात घालून ते नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायचे, तिथं पेशी सुट्या करायच्या आणि त्या किती चिकटतात ते मोजायचं.

बाळ आईच्या शरीराला अर्धं परकं. तरी आई त्याला नऊ महिने कशी सांभाळते, हे कोडं ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी 1953 मध्ये मांडलं, ते अजून पुरतं सुटलेलं नाही. वारेच्या काही पेशी गर्भाशयात शिरताना चिकटण्याचे आपले रेणू, म्हणजे इंटिग्रिन, बदलतात आणि आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. रक्तदाबाच्या या आजारात तो बदल नीट होत नाही, हे अमेरिकेतल्या संशोधक सुसान फिशर यांच्या गटानं 1993 मध्ये दाखवलं. वाहिन्या अरुंद राहतात, बाळ खुरटतं, आईचा रक्तदाब चढतो.

चिकटण्याची चाचणी ऐकायला सोपी आहे. ताटलीतल्या 96 खाचांना फायब्रोनेक्टिन हे प्रथिन लावलेलं असतं, त्यांत पेशी घाला, 37 अंशांवर तासभर ठेवा, न चिकटलेल्या धुवा, उरलेल्या रंगवून मोजा. सगळं कसब धुण्यात आहे. धार थेट पेशींवर पडली की चिकटलेल्याही निघून जातात. ती खाचेच्या भिंतीवरून सोडायची, आणि पहिल्या खाचेपासून शहाण्णवाव्या खाचेपर्यंत हात तोच राहिला पाहिजे. हे जमायला मला सहा महिने लागले. आता माझे आकडे दर वेळी जुळतात, आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्या रात्रीची मुलगी जेमतेम विशीतली होती. 34 आठवडे, रक्तदाब 180/120, डोकं फुटतंय म्हणत होती. मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली. तिला विचारण्यासारखी अवस्था नव्हती, म्हणून नमुन्यासाठी नवऱ्याची सही घेतली. सकाळी तिला विचारायचं ठरलं. तीन वाजता ती बाळंत झाली. दीड किलोची मुलगी, तिला लगेच नवजात कक्षात नेलं.

वार माझ्या हातात आली. एरवी अर्धा किलोच्या आसपास भरते, ही त्याच्या निम्मीच. मागच्या बाजूला पांढरट, कडक झालेले चट्टे. माझ्या नोंदवहीतल्या 31 नमुन्यांत अशी एकही नव्हती. तिथं बहुतेक दिवसा, ठरवून केलेल्या सिझेरियनचे नमुने आहेत. ज्यांच्यासाठी हा अभ्यास काढला त्या बाया रात्री येतात, नदीपलीकडून येतात, नाहीतर वाटेतूनच पुढं पाठवल्या जातात. आमचे सर मात्र दर महिन्याला फक्त आकडा विचारतात.

तीन तुकडे कापून मी थंड सलाईनमध्ये टाकले, तोच सासू दारात आली.

"मॅडम, आमची वार कुठी हाय?"

मी सहीचा कागद दाखवला. नवऱ्यानं तो पुन्हा हातात घेतला, बोट ठेवून वाचला आणि म्हणाला, "अपरा म्हंजे का जी? मले वाटलं रक्ताची तपासनी व्हय."

आमच्या संमतिपत्रात 'वार' हा शब्दच नाही. 'अपरेच्या ऊतींचा नमुना' असं छापलंय. दिवसा मी तोंडी समजावून सांगते. त्या रात्री घाईत मीही कागदावरचाच शब्द बोलले होते.

"वार घरच्या मातीत जाते बाई," सासू म्हणाली. "कुत्र्यानं उकरून नेली तं लेकराले भोवते. तिकडं लेकरू काचेत हाय आन् तुमी हे कापून राहिले?"

मी उत्तर दिलं नाही. तिन्ही तुकडे सलाईनमधून काढले, जिथून कापले होते तिथं परत बसवले आणि वार फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. सिस्टर चिडल्या. त्यांच्या नियमानं ती पिवळ्या पिशवीत जायला हवी होती. त्यांचं चूक नव्हतं.

बर्फाचा डबा रिकामाच नागपूरला गेला. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'नवऱ्याला अपरा हा शब्द कळला नव्हता. वार कुटुंबानं नेली.' सरांनी ते खोडून 'संमती मागे घेतली' असं लिहिलं. दिलीच नव्हती ती मागे कशी घेतील, असं मी विचारलं. विश्लेषणात एवढा तपशील लागत नाही, म्हणाले.

मुलगी बाराव्या दिवशी आईकडे आली. 'अपरा' खोडून 'वार' लिहिलेलं संमतिपत्र मी नैतिकता समितीकडे पाठवलंय. मंजुरी यायची आहे. तोवर छापील कागदावर सही घेण्याआधी मी पोटावर हात ठेवून, वार म्हणजे काय आणि तिचं मी काय करणार, ते सांगते. त्यानंतर दोघींनी नाही म्हटलं. आधीच्या 31 सह्यांचे कागद कपाटात आहेत. त्यातल्या किती जणींना मी नक्की काय सांगितलं होतं, ते एकेक कागद काढून आठवत बसते.