आमची वाटचाल : इराणला केळी

वडिलांचा गुलटेकडी मार्केट यार्डात केळीचा गाळा. करमाळ्याकडच्या कंदरचे बागायतदार जुन्या ओळखीतले, त्यामुळे निर्यातीत उतरताना मालाची चिंता नव्हती. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, शेतमाल निर्यातीच्या अपेडा या सरकारी संस्थेत नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना ही कामं रीतसर झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मागणी आली इराणहून आणि जो तो विचारू लागला, "तिथं बंदी आहे ना?"

आहे, पण केळ्यांवर नाही. आपल्या विदेश व्यापार धोरणातली इराणबद्दलची मनाई अणुकार्यक्रमाशी जोडलेल्या वस्तूंची. केळ्यांना फायटो, म्हणजे माल कीडरोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि तिकडच्या आयातदाराकडे त्याच्या सरकारची परवानगी लागते. खरी मेख अमेरिकेनं इराणवर घातलेल्या निर्बंधांच्या कायद्यात. माल सोलापूर जिल्ह्यातला, आम्ही पुण्याचे, मग त्यांचा काय संबंध? संबंध डॉलरचा, डॉलरमधले पैसे अमेरिकी बँकांमधून फिरतात. म्हणून आपल्या बँकाही बिचकतात.

गंमत म्हणजे त्यांच्याच २००० सालच्या कायद्यानं अन्न आणि औषधांना वाट ठेवलीय. खुद्द अमेरिकी विक्रेत्यालाही बहुतेक खाद्यपदार्थ सर्वसाधारण परवान्याखाली इराणला धाडता येतात, दरवेळी अर्ज करावा लागत नाही. त्यातून वगळलेल्या मालाची यादी मी चाळली. एरंडी आहे, आणि चक्क गुंजा! सोनाराच्या तराजूतल्या. दोन्ही बिया विषारी, म्हणून असावं. केळी कुठेच नाहीत. यादी छापून बँकेत नेली, तरी साहेब म्हणाले, "वर विचारतो." वरून उत्तर येईपर्यंत बासमतीचं पोतं थांबेल हो, केळं कसं थांबेल? रीफर, म्हणजे थंड कंटेनर, तेरा-चौदा अंशांवर ठेवला तरी घड आतून पिकायचा तो पिकतोच.

तेव्हापासून गाडी भरण्याआधीच फाइल तयार असते. खरेदीदार, त्याची बँक, जहाज, यांपैकी कुणाचं नाव अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत आहे का, ते तपासून कागद जोडलेला.

पैशाचं दुखणं वेगळंच. २०१२पासून युको बँकेतल्या रुपया खात्याची सोय होती. इराणकडून आपण घेतलेल्या तेलाचे रुपये तिथं जमा व्हायचे, त्यातून निर्यातदारांची देणी भागायची. मे २०१९मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी ते तेल घेणं बंद झालं, खात्यात भर पडेना. बासमतीचे मोठे व्यापारी उधारी सोसतात, आमची ती ऐपत नाही. आगाऊ रक्कम पुण्याच्या खात्यात दिसल्याशिवाय कंदरला घड उतरवायला सांगत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.