शुक्रवारी विकलेले तिकीट

त्या दिवशी आमचे प्रकरण बोर्डावर सतराव्या क्रमांकावर होते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपूर्वी पुकारा होण्याची शक्यता कमीच होती. वांद्रे पूर्वेला मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगासमोर मी बरीच वर्षे वकिली करते. रखडलेला ताबा आणि फेटाळलेला विमा दावा ही आमची रोजची भाकरी असते. संगीताच्या कार्यक्रमाच्या तिकिटाचे प्रकरण माझ्याकडे प्रथमच आले होते, आणि खरे सांगायचे तर घेताना ते मला किरकोळ वाटले होते.

तक्रारदार काका गोरेगावचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर. नातीच्या अठराव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी तिला एका मोठ्या कार्यक्रमाची दोन तिकिटे घेऊन दिली होती. फोनवर शोधताना जे संकेतस्थळ सर्वांत वर आले, त्यावरूनच नातीने ती निवडली आणि पैसे काकांच्या खात्यातून गेले. ते मूळ विक्रेत्याचे नव्हे, तर तिकिटांच्या पुनर्विक्रीचे संकेतस्थळ आहे हे दोघांच्याही लक्षात आले नाही. एका तिकिटाचे अठरा हजार, दोघांचे छत्तीस, आणि अगदी शेवटच्या पडद्यावर ‘सेवा शुल्क’ म्हणून आणखी ५,४०० रुपये, असे एकूण ४१,४०० रुपये गेले. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तिकिटांची पीडीएफ आली, तेव्हा तिच्यावर छापील किंमत ४,५०० रुपये होती. काका त्यावरही गप्प राहिले असते; पण प्रवेशद्वारावर यंत्राने दोन्ही तिकिटे नाकारली. ‘आधीच वापरलेले’ एवढेच शब्द त्या छोट्या पडद्यावर उमटले, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनी या दोघांना बाजूला व्हायला सांगितले.

तक्रार आम्ही तिघांविरुद्ध दाखल केली होती: पुनर्विक्रीचे संकेतस्थळ, मूळ तिकीट विकणारी कंपनी आणि आयोजक. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते, त्यामुळे सामनेवाल्याचे, म्हणजे विरुद्ध पक्षाचे, कार्यालय कुठल्या देशात आहे याची चिंता नव्हती. चिंता वेगळीच होती. कलम २(७) प्रमाणे ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. मूळ कंपनीने लेखी जबाबात म्हटले की काकांनी आमच्याकडून काही घेतलेलेच नाही, आणि आमच्या अटींनुसार तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. आयोजकांनी कंपनीकडे बोट दाखवले. संकेतस्थळ म्हणाले की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. विक्रेता निराळा, खरेदीदार निराळा, आम्ही दोघांची गाठ घालून देतो. विक्रेता मात्र ‘ग्राहक’ही ठरत नाही, कारण पुनर्विक्रीसाठी घेणाऱ्याला कायद्याने त्या व्याख्येतून वगळले आहे, आणि एकच जादा तिकीट विकणारा सामान्य माणूस असेल तर तो ‘व्यापारी’ही ठरत नाही. चौघांच्या मधोमध काका उभे होते, आणि प्रत्येक जण ‘तो मी नव्हेच’ म्हणत होता.

माझा सगळा भर कलम २(७) मधील ‘लाभार्थी’ या शब्दावर होता. सेवा घेणाऱ्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारा माणूसही ग्राहक असतो, असे कायदा म्हणतो. मुलाने आईसाठी नाटकाचे तिकीट काढले तर आई लाभार्थी ठरते हे समजण्यासारखे आहे. पण चौपट दराने तिकीट विकणाऱ्याची ‘संमती’ त्या अर्थाने संमती मानायची का, हा प्रश्न मी रात्रभर घोळवत होते. युक्तिवाद दुबळा आहे हे मला कळत होते, तरी तो सोडवत नव्हता.

आणखी एक अडचण होती, जी अशिलाला समजावून सांगणे फार कठीण जाते. संकेतस्थळाच्या अटींमध्ये ‘शंभर टक्के हमी’ होती, पण परतावा हवा असेल तर कार्यक्रम संपण्यापूर्वी प्रवेशद्वारावरील अधिकाऱ्याचे लेखी पत्र आणावे, अशी अटही होती. त्या गर्दीत लेखी पत्र कोण देणार? सरळ म्हणावेसे वाटते की ही अट अन्याय्य करार आहे. परंतु अन्याय्य कराराविषयीची तक्रार राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते; जिल्हा आयोगाला तो अधिकार कायद्याने दिलेला नाही. म्हणून आम्हाला तीच गोष्ट ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शीर्षकांखाली मांडावी लागली.

त्यातच संकेतस्थळाच्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाचा दाखला दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले, आणि त्याच महिन्यात तिकिटांच्या काळ्या बाजाराविषयीची जनहित याचिका निकाली काढताना न्यायालयाने हा विषय कायदेमंडळाच्या आणि शासनाच्या अखत्यारीतला असल्याचे म्हटले. कायदाच नाही, मग उल्लंघन कसले, असा वकिलांचा सूर होता. वास्तविक रेल्वेच्या तिकिटाबाबत असा कायदा आपल्याकडे आहे: १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे कलम १४३ अनधिकृतपणे तिकिटांचा धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद सांगते. आयर्लंडने २०२१ मध्ये नियुक्त स्थळांवरील कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा अधिक दराने विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे चित्रपटगृहाबाहेर ब्लॅकने तिकीट विकणारा निदान समोर उभा असायचा आणि त्याच्या हातात तिकीट असायचे, एवढी तरी सोय होती.

पुकाऱ्याला वेळ होता, म्हणून मी मूळ कंपनीच्या जबाबाची प्रत काकांच्या हातात दिली आणि चहा आणायला गेले. त्या प्रतीत प्रवेशद्वारावरील यंत्राची नोंद जोडलेली होती. आमची तिकिटे सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटांनी कोणीतरी वापरली होती, आणि काका साडेसहाला पोहोचले होते. मी त्या जबाबातली तेवढीच नोंद अधोरेखित करून ठेवली होती. परत आले तेव्हा काका चष्मा कपाळावर सरकवून दोन कागद एकमेकांशेजारी मांडीवर धरून बसले होते.

“वकीलबाई, पैसे आपण कधी भरले?”

“मेलवर आहे ना काका, शुक्रवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटे.”

“आणि इथे यांनी लिहिलंय की विक्री रविवारी दुपारी बारा वाजता सुरू झाली.” त्यांनी जबाबाचे पान माझ्यापुढे केले. “गाडी डेपोतून सुटलीच नव्हती, आणि याने तिकीट फाडलं कुठून?”

पुढे त्यांनी मला जे समजावले ते मी आजवर कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात वाचलेले नाही. बेस्टमध्ये फेरी सुरू होण्यापूर्वी पहिल्या तिकिटाचा क्रमांक वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या नोंदपत्रकावर, लिहावा लागे, आणि तपासनीस गाडीत चढला की तो आधी वेबिल मागत असे, मग प्रवाशांच्या हातातली तिकिटे पाहत असे. वेबिलावरच्या आकड्याच्या आधीचे तिकीट प्रवाशाच्या हातात सापडले, तर कंडक्टरची नोकरी धोक्यात. “सुरुवातीचा आकडा पाहिल्याशिवाय शेवटच्याला अर्थ नाही,” ते म्हणाले. दोन्ही कागद तीन आठवडे माझ्याच फायलीत होते, पण वेगवेगळ्या पिशव्यांत. मला ओशाळल्यासारखे झाले.

दुपारी पुकारा झाला तेव्हा मी ‘लाभार्थी’ हा मुद्दा बाजूला ठेवला आणि आयोगाला फक्त त्या दोन वेळा दाखवल्या. विक्री सुरू होण्याआधी दीड दिवस कोणाजवळही ते तिकीट असणे शक्य नव्हते. तरीही संकेतस्थळाने ‘अस्सल तिकीट, शंभर टक्के हमी’ असे दाखवून त्याचे पैसे घेतले आणि त्यावर स्वतःचे शुल्कही आकारले. ज्या सेवेसाठी शुल्क घेतले, तिचा काका हे थेट ग्राहक होते; त्यासाठी कोणाच्या संमतीची गरज नव्हती. संकेतस्थळाच्या वकिलांनी अटींमधील लवादाचे कलम, म्हणजे वाद खासगी पंचाकडेच न्यायचा ही अट, वाचून दाखवायला सुरुवात केली, त्यावर अध्यक्ष महोदयांनीच, लवादाच्या कलमाने ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले असल्याची आठवण करून दिली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: “हे तिकीट संकेतस्थळावर विक्रीला लावताना आपण विक्रेत्याकडून तिकिटाचा पुरावा घेतला होता का?” वकिलांनी अशिलाकडून सूचना घेण्यासाठी मुदत मागितली.

मी तेव्हाच दुसरा अर्ज पुढे केला. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर संकेतस्थळाने विक्रेत्याचा पत्ता, ईमेल आणि वाद सोडवण्यासाठी लागणारी अन्य माहिती देणे बंधनकारक आहे. आम्ही ती मागणी पूर्वीच केली होती आणि तिला उत्तर मिळाले नव्हते. आयोगाने पंधरा दिवसांची मुदत दिली आणि रोजनाम्यात तशी नोंद झाली.

मूळ कंपनी आणि आयोजक यांना आम्ही पुढच्या तारखेला वगळले. काकांना ते आवडले नाही. पण मूळ कंपनीच्याच कागदावर आमची बाजू उभी होती, आणि त्या दोघांविरुद्ध आमच्याकडे काही नव्हते. पाच महिन्यांनी निकाल लागला. पूर्ण ४१,४०० रुपये, त्यावर व्याज, मानसिक त्रासापोटी पंधरा हजार आणि खर्चाचे पाच हजार एवढी रक्कम संकेतस्थळाने द्यावी, असा आदेश झाला. अपिलाचे पंचेचाळीस दिवस उलटून गेल्यावरही पैसे आले नाहीत, म्हणून अंमलबजावणीची दरखास्त दाखल करावी लागली, आणि दरखास्तीची नोटीस बजावल्यावर आठवड्याभरात धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) आला.

विक्रेत्याविषयीचे उत्तर त्यापूर्वीच, एका पानावर, आले होते. नावाच्या जागी नऊ अंकी वापरकर्ता क्रमांक, ईमेलच्या रकान्यात ‘खाते बंद’, आणि पत्त्याचा रकाना कोरा. काकांनी तो कागद घडी घालून दोन्ही तिकिटांच्या मागे प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला आणि सायबर पोलिसांकडच्या तक्रारीला हाच जोडायचा ना, असे विचारले. मी हो म्हटले, आणि दोन प्रती काढून घ्यायला सांगितले.