बुचाचा सडा

पाऊस ओसरला, ऑक्टोबरची तलखी सुरू झाली आणि आज सकाळी कॉलेजच्या आवारात बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा दिसला. पुण्यातला शरद म्हणजे हाच वास! परीक्षेचे फॉर्म, सबमिशनची धावपळ, कट्ट्यावरचा अर्धा चहा, सगळं त्याच्यासोबत परत येतं.

फुलं रात्री उमलतात, कारण परागीभवन रात्री उडणारे पतंग करतात, आणि पहाटे गळतात. म्हणून वेचायची ती सातच्या आत. ऊन चढलं की कडा तपकिरी होतात, फुलांच्या देठासारख्या नळ्या लुळ्या पडतात.

वेणीला दोरा लागत नाही. तीन फुलं घ्या, तोंडं एका बाजूला ठेवा, बोटभर लांब नळ्यांची तिपेडी घाला. दर वळणाला एक नवं फूल. वीतभर वेणीला २५-३० फुलं पुरतात. घट्ट ओढलं तर नळी मधेच तुटते आणि तिथून सगळं उसवतं, म्हणून हात हलका हवा. शेवटी गाठ मारू नका, नळ्या मागच्या पेडात खोचा.

बुचाचं लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्यात फांद्या मोडतात, तेव्हा झाडाखाली गाडी लावू नका. तरी प्रत्येक कॉलेजात एक तरी बुचाचं झाड हवंच.