पिकअपला चाकं स्टीलची की अलॉयची? तुम्ही विचारलंत म्हणून

पिकअप घेतलेली माणसं मला हमखास विचारतात, ‘आलेली स्टीलची चाकं राहू द्यावीत, की काढून अलॉय बसवावीत?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं. उत्तर आधीच सांगून टाकतो. गाडी मालासाठी असेल, हौद्यात रोज वजन पडणार असेल, खडीच्या नि चिखलाच्या रस्त्याने जावं लागणार असेल, तर स्टीलची चाकं काढू नका. गाडी बहुतेक वेळ रिकामी किंवा हलक्या सामानानिशी डांबरी रस्त्यावर लांबचा पल्ला मारणार असेल, तर चांगल्या प्रतीची अलॉय खुशाल घ्या. आता हे असं का, ते सांगतो, कारण या बाबतीत कानावर पडणाऱ्या बऱ्याच गोष्टी अर्ध्याच खऱ्या असतात.

पहिली गोष्ट वजनाची. अलॉय हलकी असतात असं सगळेच म्हणतात, पण दोन्ही चाकं काट्यावर ठेवून बघणारा क्वचितच भेटतो. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, पोलादाची सुमारे ७.८५. म्हणजे धातू म्हणून ॲल्युमिनियम जवळजवळ एक तृतीयांश वजनाचं. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच आहे. तोच भार पेलायचा तर ते जाड घ्यावं लागतं, आरे भरदार करावे लागतात, आणि वाचलेल्या वजनातला बराचसा भाग तिथे परत जातो. साधी ओतीव अलॉय त्याच मापाच्या स्टीलच्या चाकाएवढी भरलेली मी पाहिली आहे. त्यात माणूस १६ इंची काढून १८ इंची बसवतो, म्हणजे हलकं करायला निघालेलं चाक उलट जड होऊन बसतं.

शिवाय अलॉयमध्ये प्रकार आहेत, आणि दुकानात त्यांची नीट फोड कोणी करून सांगत नाही. सर्रास मिळतं ते ओतीव चाक. ॲल्युमिनियममध्ये साधारण सात टक्के सिलिकॉन नि थोडं मॅग्नेशियम घालून तो रस साच्यात भरतात, मग चाकाला उष्णता देऊन ते कणखर करतात. काही चाकांचा मधला भाग ओतलेला असतो आणि बाहेरचं कडं गरम असताना रोलरखाली दाबून लांबवलेलं असतं, त्यामुळे कडं पातळ असूनही जास्त मजबूत होतं. तिसरं फोर्ज केलेलं. अखंड गट्टू प्रचंड दाबाखाली घडवून ते बनवतात. अल्कोआ कंपनीने अवजड ट्रकसाठी असं चाक १९४८ साली आणलं, आणि आजही मोठमोठे ट्रेलर त्या जातीच्या चाकांवर टनावारी माल ओढतात. तेव्हा ‘ॲल्युमिनियम म्हणजे नाजूक’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. चाक बनवलं कसं आणि किती भारासाठी, हे विचारा.

स्टीलचं चाक त्या मानाने सरळ असतं. पट्टी गोल वळवून, टोकं जोडून कडं बनवतात. मधली तबकडी दाबयंत्रात काढतात, तिला हवेसाठी भोकं पाडतात आणि ती कड्यात बसवून वेल्डिंग करतात. दिसायला साधं, पण पोलादाचा एक गुण या सगळ्याच्या वर आहे. तुटण्याआधी ते भरपूर ताणलं जातं, वाकतं. ओतीव ॲल्युमिनियममध्ये ती लवचिकता फारच कमी असते. माझ्या मताचा सगळा भार या एका फरकावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

भरलेली गाडी खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळली की टायर दबून कड्याला टेकतो आणि मार थेट चाकाला बसतो. स्टीलचं कडं तिथे आत वळतं. टायर बाहेरून बघितला तरी तो बाक डोळ्याला दिसतो. हवा फसफसत असेल तर आवाज येतो, वेग घेतला की गाडी हलते. म्हणजे चाक बिघडलंय हे ड्रायव्हरला लगेच कळतं. फार मोठा बाक नसेल तर तो ठोकून काढता येतो, निदान मुक्कामापर्यंत हवा धरेल एवढा तरी, आणि त्याला लागणारी अवजारं कुठल्याही साध्या वर्कशॉपमध्ये असतात.

अलॉयला तोच मार बसला तर कधी तेही वाकतं, पण पुष्कळदा तडकतं. आणि तडकतं ते आतल्या कडेला, गाडीकडच्या बाजूला, जिथे उभ्या माणसाची नजर जात नाही. बाहेरून चाक चकचकीतच. हवा मात्र दर दोन-तीन दिवसांनी थोडी उतरते. मालक आधी पंक्चर शोधतो, मग व्हॉल्व्ह बदलतो, मग टायरवर संशय घेतो. अशी गाडी आली की मी चाक उतरवून, उताणं ठेवून, आतली बाजू ब्रेकची काळी पूड निघेपर्यंत पुसून काढतो आणि टायरमध्ये हवा असतानाच साबणाचं पाणी फिरवतो. कडेपासून आत गेलेली केसाएवढी रेघ दिसते आणि तिच्यावर बारीक फुगे एका ओळीत उभे राहतात. ते फुगे मालकाला दाखवले की पुढचं बोलणं सोपं होतं. कारण त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘वेल्डिंग मारून चालेल ना?’ वरच्या ओरखड्याचं एक वेळ ठीक आहे, पण तडकलेल्या चाकाला मी नाही म्हणतो. उष्णता देऊन जो कणखरपणा आणलेला असतो तो वेल्डिंगच्या आजूबाजूला नाहीसा होतो. वरून घासूनपुसून, रंगवून चाक नव्यासारखं दिसतं, आणि नेमका तो पट्टा मऊ राहतो. त्यावर माल भरून माणसं बसवायची नाहीत.

स्टीलही तडकतं, हे सांगितलं पाहिजे. क्षमतेपेक्षा जास्त माल सतत वाहिला, किंवा नट सैल ठेवून गाडी चालवली, की तबकडीतल्या हवेच्या भोकांपासून किंवा नटांच्या भोकांपासून चीर निघते. नटाभोवतालून गंजाचे ओघळ उतरलेले दिसले तर नट सैल आहे असं समजून आधी पाना लावा. चाकावर प्लास्टिकचं झाकण असेल तर ते अधूनमधून काढून बघा, चिरा त्याखालीच लपतात.

आता भार. पाठीमागच्या ॲक्सलला किती वजन चालतं ते गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. समजा तो आकडा १,८०० किलो आहे, तर मागच्या प्रत्येक चाकाला किमान ९०० किलो पेलता आले पाहिजेत. चाकाची क्षमता बहुधा मागच्या बाजूला ओतलेली किंवा ठोकलेली असते. कारसाठी बनवलेल्या अलॉयवर तिथे ७०० किलोच्या आसपासचा आकडा सापडतो. तेच चाक भोकांच्या वर्तुळाचं माप जुळलं म्हणून पिकअपवर बसतं, छान दिसतं, आणि रिकाम्या गाडीत कधी तक्रारही करत नाही. टायर चांगला घेतलाय म्हणून चाक तरेल असंही नाही. टायरवर ११२ हा भारांक असेल तर तो टायर १,१२० किलो पेलेल, पण खालचं चाक ७०० किलोचं असेल तर तुमची मर्यादा ७००च. जपानी मानकांच्या खुणा असलेली चाकं घेत असाल तर ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण प्रवासी कारच्या चाकांसाठी आहे आणि ‘जेडब्ल्यूएल-टी’ ट्रक-बसच्या, हे लक्षात ठेवा. ज्या चाकावर क्षमतेचा आकडाच नाही ते माल वाहणाऱ्या गाडीला लावू नका, मग ते कितीही देखणं असो.

मोठ्या चाकाच्या हौसेबद्दलही थोडं. २६५/७० आर १६ आणि २६५/६० आर १८ (शेवटचा आकडा चाकाचा इंचांतला व्यास) या दोन्ही टायरांची बाहेरची उंची जवळपास सारखीच, सुमारे ७७ सेंटिमीटर. पण पहिल्यात टायरची भिंत १८५ मिलिमीटर आहे, दुसऱ्यात १५९. सव्वीस मिलिमीटर रबर आणि हवा गेली, आणि खड्ड्याचा मार तेवढा चाकाच्या जवळ आला. अलॉय तडकण्याच्या कितीतरी तक्रारींमध्ये धातूइतकाच या बुटक्या भिंतीचा हात असतो. म्हणून अलॉय घेणाऱ्याला मी सांगतो, गाडीचं मूळ माप सोडू नका.

मग अलॉयचा फायदा काय? आहे, आणि तो खरा आहे. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन जेवढं कमी, तेवढं चाक रस्त्याचा उंचसखलपणा लवकर पकडतं, आणि फिरणारं वजन कमी झालं की गाडी सुटायला नि थांबायला सोपी जाते. कारमध्ये हे चटकन जाणवतं. पिकअपच्या मागे मात्र अखंड ॲक्सल, डिफरेन्शियल आणि पाटे एवढा ऐवज आधीच खाली असतो. तिथे चाकामागे दोन-तीन किलो वाचले तरी फरक मामुली. पुढच्या चाकांवर तो जास्त कळतो. स्टिअरिंग थोडं मोकळं वाटतं, लांबच्या प्रवासात थरथर कमी होते, कारण चांगलं अलॉय यंत्रावर कातलेलं असल्याने स्टीलपेक्षा अचूक गोल असतं. ब्रेक थंड राहतात असंही सांगतात. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं हे खरं, पण ब्रेकला वारा किती लागतो ते आऱ्यांच्या रचनेवर जास्त ठरतं. घाट उतरताना मी त्या भरवशावर राहणार नाही, गिअर खालचाच ठेवीन.

गंजाचं म्हणाल तर दोघांनाही आपापला त्रास आहे. स्टीलचा रंग उडाला की तिथे गंज चढतो, पण घासून पुन्हा रंग मारला की काम भागतं. अलॉयवरच्या पारदर्शक थराखाली एकदा पाणी शिरलं की पांढरट बुरशीसारखी नक्षी पसरत जाते, विशेषतः खाऱ्या हवेत किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर. आम्लाचे क्लीनर तर अलॉयला लावूच नका, साबण-पाणी पुरे. आणि पोलादी हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, ॲल्युमिनियमचं चाक ओलाव्यात बरेच महिने बसून राहिलं की दोन धातूंमध्ये क्षार धरून ते चिकटतं. रस्त्यात पंक्चर झाल्यावर सगळे नट काढूनही चाक हलत नाही, तेव्हा माणूस रडकुंडीला येतो. चाक काढाल तेव्हा हब तारेच्या ब्रशने घासा आणि मधल्या गोलाला न चिकटू देणारं ग्रीस अगदी पातळ लावा. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टच्या, आट्यांना मात्र ते लावायचं नाही. आटे बुळबुळीत झाले की टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) सांगेल त्यापेक्षा नट जास्त ओढला जातो आणि स्टड ताणला जातो.

शेवटी नट, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. काही चाकांना निमुळत्या तोंडाचे नट लागतात, काहींना गोलाकार तोंडाचे, काहींना वॉशर असलेले सपाट. जुने स्टीलच्या चाकाचे नट तसेच अलॉयला लावले तर ते कडेवर टेकतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि चालत्या गाडीत सैल होतात. अलॉयची बैठक जाड असल्याने स्टडही कमी बाहेर येतो. नट स्टडच्या जाडीएवढा तरी आत गेला पाहिजे, म्हणजे १२ मिलिमीटरच्या स्टडवर किमान १२ मिलिमीटर. नवीन चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पाना लावून नट पुन्हा तपासा, स्टीलच्या चाकांनाही. पायाने पाना दाबून घट्ट केलेला नट तपासलेला धरू नका.

आणि अलॉय घेतलीत तर स्टेपनी बहुधा स्टीलचीच राहील. तिला अलॉयचे नट चालतात का, हे दुकानातच एकदा बसवून बघा. चालत नसतील तर जुन्या नटांचा एक संच पिशवीत घालून जॅकजवळ ठेवून द्या.